म्हातारं मांजर सारखं पाणी पितंय, बारीक होतंय? ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. कोणती लक्षणं पाहायची, दवाखान्यात कधी आणि कुठे न्यायचं, वाचा सविस्तर

वर्धा : दहा-बारा वर्षांपासून घरात असलेलं मांजर हळूहळू बारीक होऊ लागतं. पाठीवरून हात फिरवला की कणा लागतो, केस विस्कटलेले दिसतात, न्हाणीतल्या बादलीपाशी ते तासन् तास बसून राहतं. कुणी विचारलं तर घरातलं उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही जी, आता वय झालं तिचं.” विषय तिथंच संपतो आणि दोन-तीन महिन्यांत मांजरही संपतं.

वय झालं हे खरंच असतं. पण नुसत्या वयानं मांजर हाडाचा सापळा होत नाही, त्यामागं आजार असतो. म्हाताऱ्या मांजरांचे नेहमीचे आजार मोजकेच आहेत आणि त्यातले बरेचसे वेळेत कळले तर साध्या औषधांवर मांजर वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, चांगलं जगतं. अडचण एवढीच की मांजर दुखणं लपवतं. बैल लंगडला तर दुसऱ्या दिवशी कळतं, गाय रवंथ करेना तर त्याच दिवशी कळतं. मांजर मात्र कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं आणि आपण म्हणतो, झोपलं असेल.

मांजराचं वय कसं मोजायचं?

मांजराचं पहिलं वर्ष म्हणजे माणसाची साधारण १५ वर्षं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते २४ वर्षांच्या माणसाएवढं होतं. पुढं दर वर्षाला ४ वर्षं धरायची. या हिशेबानं १० वर्षांचं मांजर ५६ वर्षांच्या माणसासारखं आणि १५ वर्षांचं ७६ वर्षांच्या आजीसारखं. दहा-अकरा वर्षांनंतर डॉक्टर त्याला म्हातारं समजूनच तपासतात.

गावातल्या मांजराचा जन्मदाखला कुणाकडे नसतो. घरातल्या मोठ्या घटनेवरून वर्ष काढा. नोटाबंदीच्या साली, म्हणजे २०१६ ला आलेलं पिल्लू २०२६ मध्ये दहा वर्षांचं झालं. रस्त्यावरची वाहनं, कुत्री, उंदराचं औषध यातून वाचून मांजर या वयाला पोचणं हेच आपल्याकडे विशेष आहे. नसबंदी झालेली, घरातच राहणारी मांजरं जास्त जगतात.

पाणी जास्त, लघवी जास्त : ही सगळ्यात मोठी खूण

मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले, त्यामुळे त्याची किडनी कमी पाण्यात काम भागवते. ती लघवी दाट करून पाणी शरीरात राखते. म्हातारपणी किडनी झिजली की हे काम जमत नाही. लघवी पातळ आणि जास्त होते, गेलेलं पाणी भरून काढायला मांजर सारखं पितं. म्हणजे ‘चांगलं पाणी पितंय’ म्हणून आपण समाधानी असतो, तेव्हा आत किडनी हरत आलेली असते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. म्हणून तहान वाढली की लगेच जायचं, जेवण सुटेपर्यंत थांबायचं नाही.

आपल्या जिल्ह्यात यात एक घोटाळा होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सगळेच पाणी पितात, मांजरही पितं. त्यामुळे उन्हाळ्यात ही खूण झाकून जाते. पण पोळ्यानंतर, थंडीत, ओलं खाणं खाऊनही मांजर वाटी रिकामी करत असेल तर उन्हाला दोष देता येत नाही. शंका असेल तर मोजा. बाकीची पाण्याची भांडी एक दिवस झाकून ठेवा, एका वाटीत मोजून पाणी ठेवा आणि २४ तासांनी किती उरलं ते पाहा. मांजराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागं १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे तीन किलोचं मांजर ३०० मिलीच्या वर पीत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. त्याच्या निम्म्यावर गेलं तरी डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. हा आकडा कागदावर लिहून न्या, डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

किडनी हे एकच कारण नसतं. आपल्यासारखी मांजरालाही शुगर होते, विशेषतः लठ्ठ बोक्यांना. तेव्हाही पाणी आणि लघवी वाढते, खाणं चालू असतं आणि तरी वजन उतरतं. तिसरा आजार थायरॉइडचा. यात मांजर म्हातारं असूनही एकदम चपळ होतं, रात्री ओरडत फिरतं, अधाशासारखं खातं आणि बारीक होतं. लोकांना वाटतं, तरुण झाली. खरं तर गळ्यातली ग्रंथी जास्त काम करत असते आणि हृदय दमत असतं. या तिन्हीत बाहेरून मांजर जवळपास सारखंच दिसतं. फरक रक्त आणि लघवी तपासल्यावरच कळतो, म्हणून अंदाजानं औषध सुरू करू नये.

किडनी आणखी बिघडली की उलट्या, तोंडाला लघवीसारखा वास, तोंडात फोड आणि अन्नावरची वासना जाणं हे सुरू होतं. त्या टप्प्यावर उपचार होतो, पण फार थोडं हातात असतं.

महिन्याला एकदा वजन

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच. वेचणीचा कापूस मोजायचा हुकवाला डिजिटल काटा बऱ्याच घरांत असतो. मांजराला कापडी पिशवीत, डोकं बाहेर ठेवून बसवायचं आणि काटा लावायचा. नंतर पिशवीचं वजन वजा करायचं. काटा नसेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर दुकानदार एकदा हसेल आणि मोजून देईल. महिन्याचा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा.

चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन कमी झालं तर आपल्याला ते किरकोळ वाटतं. पण तो दहावा हिस्सा आहे. साठ किलोच्या माणसाचं वजन न ठरवता सहा किलो उतरलं तर घरचे त्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेतील. मांजरालाही तोच नियम लावा.

तोंडातून लाळ, एका बाजूनं चावणं, आणि एक सावधगिरी

म्हाताऱ्या मांजराचे दात किडतात, हिरड्या सुजतात. मग ते भुकेनं ताटलीपाशी येतं, वास घेतं आणि मागं सरतं. किंवा एका बाजूनं चावतं, घास खाली पाडतं, तोंडाला दुर्गंधी येते. पोळीचा कडक तुकडा सोडून फक्त दूध चाटत असेल तर ते लाड नाहीत, तोंड दुखतंय. दात काढल्यावर मांजर आठवड्याभरात पुन्हा जेवू लागतं. त्यासाठी भूल द्यावी लागते आणि ती देण्याआधी किडनी तपासावी लागते, म्हणून हे काम सोय असलेल्या दवाखान्यातच करावं.

आता सावधगिरीची गोष्ट. लाळ गळणारं मांजर दिसलं की आपण घशात काटा अडकला म्हणून तोंडात बोट घालतो. हे करू नका. लाळ गळणं, गिळता न येणं, आवाज बदलणं, अचानक अंगावर येणं किंवा उलट अंधारात लपून बसणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत. मांजर बाहेर फिरणारं असेल, कुत्र्यानं किंवा दुसऱ्या मांजरानं अलीकडे चावलं असेल, रेबीजची लस झाली नसेल, तर हात न लावता डालं किंवा टोपली उलटी झाकून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जायचं, सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. मांजर दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल तर पुढच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण पहिल्या डोससाठी दहा दिवस वाट पाहायची नाही. “घरचंच तर मांजर आहे” हे वाक्य इथं चालत नाही.

उडी मारणं सोडलं, कुठंही घाण करतं

पूर्वी माळ्यावर एका उडीत जाणारं मांजर आता आधी पाट, मग खाट, मग पेटी असं टप्प्याटप्प्यानं चढतं. लंगडत नाही म्हणून आपल्याला कळत नाही, पण सांधे झिजलेले असतात. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा दहातल्या नऊ मांजरांत सांध्यांचा बिघाड दिसला होता. सांधे दुखणारं मांजर मागचं अंग चाटून साफ करू शकत नाही, त्यामुळे कमरेवर केसांच्या गाठी होतात. घराबाहेर जाऊन माती उकरायचीही त्याला जिवावर येतं, मग ते दारातच करतं. त्याला मारून उपयोग नाही. बुटक्या काठाच्या घमेल्यात वाळू किंवा गार झालेली राख भरून जवळ ठेवा, ते वापरतं.

नखांकडे कुणी पाहत नाही. म्हातारं मांजर खांबावर, पोत्यावर नखं घासणं कमी करतं. नखं वाढून गोल वळतात आणि पंजाच्या गादीत घुसतात, तिथं पू होतो. महिन्यातून एकदा पंजा दाबून पाहा. टोकाचा पांढरा भागच कापायचा, आतल्या गुलाबी शिरेपर्यंत जायचं नाही.

ऐकू कमी येणं हेही वयाचंच. ट्रॅक्टरच्या चाकाखाली, गाडीच्या सावलीत झोपलेलं म्हातारं मांजर हॉर्नला उठेलच असं नाही. गाडी काढायच्या आधी खाली वाकून पाहायची सवय लावा.

या गोष्टींना उद्या चालत नाही

काही वेळा बाजारच्या दिवसाची किंवा सवडीची वाट पाहिली तर मांजर हातचं जातं. बोका लघवीला बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाही : मूत्रमार्ग अडकला आहे, एक-दोन दिवसांत जीव जातो. लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं : कुत्र्यात हे साधं असतं, शांत बसलेल्या मांजरात नाही. झोपेत असताना एका मिनिटात चाळीसच्या वर श्वास मोजले तरी दाखवायला हवं.

मागचे दोन्ही पाय अचानक गेले, मांजर किंचाळतंय, तर गावात ‘लकवा मारला’ किंवा ‘पान लागलं’ म्हणतात. पावसाळ्यात साप चावलेला असू शकतोच. पण मागचे पंजे हाताला गार लागत असतील आणि गादी निळसर दिसत असेल तर हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी पायाच्या धमनीत अडकलेली असते. भयंकर दुखतं. दोन्हीत झाडपाला करत बसू नका.

एका रात्रीत आंधळं झालेलं मांजर मोतीबिंदूमुळे होत नाही, ते बहुतेक बीपीमुळे होतं. बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहतात, मांजर भिंतीला धडकतं. किडनीच्या आणि थायरॉइडच्या मांजरांत बीपी वाढतं आणि डोळ्याचा आतला पडदा सुटतो. लवकर औषध मिळालं तर थोडी नजर वाचू शकते.

आणि दोन दिवस अन्नाला तोंड न लावलेलं लठ्ठ मांजर. लठ्ठ आहे, राहील उपाशी, असं वाटतं. पण उपाशी मांजराची चरबी यकृतात जमा होते आणि कावीळ होते. लठ्ठ मांजराला उपास सगळ्यात जास्त बाधतो.

पांढऱ्या कानाचं मांजर आणि विदर्भाचं ऊन

ज्या मांजराचे कान किंवा नाक पांढरं आहे त्याला वर्षानुवर्षं उन्हात झोपल्यानं तिथं कर्करोग होतो. सुरुवात अगदी साधी असते. कानाच्या टोकाला खपली धरते, पडते, पुन्हा धरते. आपण समजतो, भांडणात ओरबाडलं. भांडणाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. महिना झाला तरी खपली तिथंच असेल, कानाची कड खाल्ल्यासारखी दिसत असेल, तर दाखवा. लवकर असेल तर कानाचा तेवढा भाग कापून मांजर वाचतं.

मांजरीच्या आचळाजवळ गाठ लागली तर तीही ‘दुधाची गाठ’ म्हणून सोडू नका. मांजरींमधल्या स्तनाच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात. हरभऱ्याएवढी असताना काढलेली आणि लिंबाएवढी झाल्यावर काढलेली, यात फार फरक आहे.

घरचे उपाय जे जीव घेतात

हा भाग मोबाईलवर जतन करून ठेवला तरी चालेल. आजारानं मरण्याआधीच घरातल्या औषधानं गेलेली मांजरं थोडीथोडकी नसतात, आणि ते औषध मायेनंच दिलेलं असतं.

ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल, नाव कोणतंही असो. माणसाचं यकृत ज्या पद्धतीनं ही गोळी निकामी करतं ती सोय मांजराच्या यकृतात जवळपास नाही. पाचशेची एक गोळी मोठ्या मांजराला मारू शकते, अर्धीही धोक्याची. हिरड्या तपकिरी किंवा निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा, यावर उतारा आहे पण तो तासांच्या आत द्यावा लागतो. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांचीही तीच गत, त्यात किडनी आधीच अधू असली तर संपलंच. डायक्लोफेनॅकला जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांसाठी आली. माणसांच्या दुकानात ते मिळतं म्हणून मांजराला चालतं असं नाही.

दुसरं गोचिडाचं औषध. कोठ्यात गाई-बैलांच्या अंगाला लावायचं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिन, हे मांजराच्या मज्जातंतूंवर जातं. एक-दोन थेंबही पुरतात. मांजर थरथरतं, कान फडफडतात, लाळ गळते, झटके येतात. पिसवा झाल्या म्हणून ‘बैलाचं उरलेलं थोडंसं’ लावू नका. नुकतं औषध लावलेल्या बैलाच्या अंगाला घासून झोपणाऱ्या मांजरालाही त्रास होऊ शकतो. लागलंच असेल तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण करून अंग धुवा, पुसून कोरडं करा, चाटू देऊ नका आणि डबी सोबत घेऊन दवाखाना गाठा. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका.

आपला पट्टा कापूस-सोयाबीनचा, म्हणजे फवारणीचा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकऱ्यांचे जीव गेले, ते सगळ्यांना आठवतं. तेच विष पंपावर, कपड्यांवर, बांधावरच्या गवतावर बसतं. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फवारणीचे कपडे आणि रिकाम्या बाटल्या ओसरीत टाकायच्या नाहीत, हे मुलांसाठी जितकं खरं तितकंच मांजरासाठी. उंदराच्या औषधाचंही तसंच. मांजर असलेल्या घरात औषध टाकलं की ते मांजर एक तर औषध खातं नाही तर मेलेला उंदीर. फिनाईलनं पुसलेली ओली फरशीही मांजराला बाधते, वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा.

जनावरांचं जंताचं औषधही मोजून-मापून देता येत नाही. तीनशे किलोच्या गाईची बाटली तीन किलोच्या मांजरासाठी नसते. कृत्रिम रेतन करायला येणारे दादा गायीचं काम चोख करतात, पण मांजराला इंजेक्शन द्या म्हणून त्यांना आग्रह करू नका.

दवाखाना : कुठं काय मिळतं

आपल्या जिल्ह्याची पशुवैद्यकीय व्यवस्था बैल-गाईभोवती उभी राहिली आहे. गवळाऊ ही आपली जात, कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्र. त्यामुळे गावच्या दवाखान्यात मांजर घेऊन गेलं की लोक वळून पाहतात, पण डॉक्टर परत पाठवत नाहीत. आठही तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, केसपेपरची फी किरकोळ असते. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर डॉक्टर असतात. श्रेणी दोनमध्ये पर्यवेक्षक असतात. मांजरासाठी श्रेणी एकलाच जा, आणि जाण्याआधी फोन करा, कारण एकाच डॉक्टरकडे बरीच गावं असतात आणि ते अनेकदा फिरतीवर असतात.

तिथं वजन, ताप, हिरड्या, पोट चाचपून तपासणी, सलाईन, इंजेक्शन, जंताचं औषध, जखमेचा इलाज होतो. रेबीजची लस आहे का तेही विचारून घ्या. ती वर्षाला एकदा द्यायची असते, मांजर म्हातारं झालं म्हणून थांबवायची नाही. वर्ध्याला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर तिथं जा. १९६२ हा टोल फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. ही सेवा मुख्यतः दुभत्या आणि शेतीच्या जनावरांसाठी आहे, त्यामुळे मांजरासाठी गाडी दारात येईल असं धरून बसू नका. फोन करून विचारायला मात्र हरकत नाही.

रक्त-लघवीची पूर्ण तपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे, दातांचं काम यासाठी नागपूर. सेमिनरी हिल्सचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, आता ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. त्यांच्या शिकवणीच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं रोज येतात, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना मांजराची सवय आहे. वर्ध्याहून किंवा हिंगणघाटहून सुमारे ७५-८० किलोमीटर. सकाळी लवकर पोचलं तर त्याच दिवशी परत येता येतं.

नागपूरला जायचंच का, हा प्रश्न बरोबर आहे. दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. आमचं मत असं : पहिल्यांदा गावच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्ताचा नमुना तिथंच घेऊन पाठवता येतो का ते विचारा. मांजर खातंय, फिरतंय, पण वजन उतरतंय, तेव्हा केलेली नागपूरची एक फेरी कामी येते. मांजर आडवं पडल्यावर केलेली फेरी बहुतेक वेळा नुसता खर्च आणि त्याचे हाल ठरते.

जाताना मांजराला कुशीत घेऊन दुचाकीवर बसू नका. पहिल्याच हॉर्नला ते उडी मारतं. झाकणाची टोपली, भोकं पाडलेलं प्लास्टिकचं क्रेट किंवा कोंबड्यांचा लहान पिंजरा चालतो. आत त्याच्या अंथरुणाचं कापड टाका आणि वरून सुती चादर झाका, अंधारात मांजर शांत बसतं. मार्च ते जून दुपारचा प्रवास टाळा, ओलं कापड पिंजऱ्यावर टाका. आदल्या दिवसाची लघवी स्वच्छ डबीत मिळाली तर फार चांगलं. वाळूऐवजी घमेल्यात धुतलेली बारीक गिट्टी ठेवली की लघवी खाली साचते. ओरडणं, खोकणं, चालणं बिघडलंय का, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मांजर हमखास शहाण्यासारखं बसतं.

दूध-पोळीवर भागतं का?

नाही. मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस, मासे यांतूनच मिळतो. तो कमी पडला तर हृदय फुगून कमजोर होतं, नजर जाते. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाला आणि त्यानंतर कंपन्या मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवू लागल्या. कुत्र्याच्या खाण्यात मांजराला पुरेल एवढं नसतं. बाहेर उंदीर मारणाऱ्या तरुण मांजराचं दूध-पोळीवर निभतं, कारण खरं जेवण ते कोठ्यात करतं. म्हाताऱ्या मांजराला उंदीर सापडत नाही, तेव्हा फक्त दूध-पोळी उरते आणि मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही, हगवण लागते.

घरात मांसाहार चालत नसेल तर मांजराचं तयार खाणं आणा, त्यात टॉरिन असतं. चालत असेल तर बिनमिठाची, बिनकांद्या-लसणाची उकडलेली कोंबडी किंवा मासा काटे काढून द्या, कोमट असेल तर वासानं मांजर लवकर येतं. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, म्हणून तर्री किंवा भाजीचा रस्सा पोळीवर घालून देऊ नका. किडनीच्या मांजराला कंपनीचं खास खाणं मिळतं, ते उपयोगी आहे पण महाग आहे आणि गावात मिळत नाही. परवडलं तर द्या. नाही परवडलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, घरच्या खाण्यात काय बदल करायचा ते ते सांगतील. मांजर ते खास खाणं खातच नसेल तर हट्ट करू नका, उपाशी राहण्यापेक्षा नेहमीचं खाल्लेलं बरं. पाण्याची दोन-तीन भांडी घरात वेगवेगळ्या जागी ठेवा. किडनीच्या मांजराला कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, ते देणं डॉक्टर घरच्यांना शिकवतात, दोन-तीन वेळात हात बसतो.

शेवट जवळ आला तर

म्हातारं, आजारी मांजर पोत्यात घालून दूरच्या धुऱ्यावर किंवा दुसऱ्या गावच्या बाजारात सोडणं आपल्याकडे चालतं. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. घरातल्या कोपऱ्याची सवय असलेलं अधू मांजर तिथं तीन-चार दिवसही काढत नाही.

दुखणं आटोक्यात येत नसेल, मांजर खात नसेल, उठत नसेल, तर डॉक्टर इंजेक्शननं शांत मरण देऊ शकतात. आधी भूल दिली जाते, मांजराला कळत नाही. ‘पाप लागेल’ म्हणून बरेच जण मागं हटतात, आणि ज्याला पटत नाही त्याच्यावर कुणी सक्ती करत नाही. हा प्रश्न महात्मा गांधींपुढंही आला होता. सेवाग्रामला येण्याच्या आठ वर्षं आधी, १९२८ मध्ये, साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनांनी तडफडत होतं, इलाज उरला नव्हता. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा करून डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं आणि तिथं स्वतः हजर राहिले. देशभरातून संतापाची पत्रं आली. वेदनेतून सुटका करणं ही त्या वेळी अहिंसाच होती, असं त्यांनी आपल्या साप्ताहिकांतून उघडपणे लिहिलं.

निर्णय घेताना एक साधी पद्धत आहे. मांजराला आवडणाऱ्या तीन-चार गोष्टी लिहा : उन्हात बसणं, ताटलीचा आवाज आला की येणं, मांडीवर बसणं, अंग चाटणं. त्यातली एकही उरली नसेल आणि डॉक्टरही पुढं काही होणार नाही म्हणत असतील, तर घरच्यांनी बसून बोलावं. लहान मुलांना “पळून गेलं” असं सांगू नका, ती महिनाभर शोधत राहतात.

मेलेलं मांजर नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकायचं नाही. विहीर, हातपंप आणि नाल्यापासून दूर, किमान तीन फूट खोल खड्डा करून पुरायचं, वर दगड ठेवायचे म्हणजे कुत्री उकरत नाहीत. रेबीजचा संशय असेल तर उघड्या हातानं उचलू नका, हातमोजे किंवा जाड प्लास्टिक वापरा, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि त्याच्या लाळेशी संबंध आलेल्या घरातल्या सगळ्यांनी आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावं. त्याचं भांडं आणि अंथरूण जाळून टाका. घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्या लसीचं कार्ड त्याच दिवशी काढून तारीख पाहा.